व्यवहारयोग्य परीघ

वर्तुळाच्या व्यासावरून त्याचा परीघ काढण्याचे दोन नियम भास्कराचार्यांनी 'लीलावती'च्या क्षेत्रव्यवहारात एकाच श्लोकात दिले आहेत. पहिल्या नियमाप्रमाणे व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले म्हणजे सूक्ष्म परीघ मिळतो. दुसऱ्याप्रमाणे २२ ने गुणून ७ ने भागले म्हणजे स्थूल परीघ मिळतो, आणि व्यवहाराला हा स्थूल परीघ पुरेसा आहे, असा निर्वाळा त्याच श्लोकात दिलेला आहे. व्यास ७ धरला तर स्थूल परीघ २२ येतो आणि सूक्ष्म परीघ २१ पूर्णांक १२३९/१२५० येतो. दोहोंतला फरक एककाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी आहे. पहिल्या नियमातले आकडे श्लोकात आकड्यांच्या रूपाने येत नाहीत, तर भूतसंख्येच्या पद्धतीने, म्हणजे ज्या वस्तूंची संख्या सर्वश्रुत आहे त्यांच्या नावांनी येतात: भ म्हणजे २७ नक्षत्रे, नंद ९, अग्नी ३, आणि हे अंक उजवीकडून डावीकडे मांडले की ३९२७ तयार होतात, ख म्हणजे शून्य, बाण ५ आणि सूर्य १२ यांपासून १२५० होतात. पाठांतराला सोय आणि नक्कल करताना अंक चुकण्याची भीती कमी, असा या पद्धतीचा दुहेरी लाभ होता.

'लीलावती' हा 'सिद्धान्तशिरोमणी'चा पहिला भाग असून तो ग्रंथ शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, आचार्यांच्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण झाला. आचार्यांनी स्वतः मात्र पृथ्वीच्या मापासाठी स्थूल नियम वापरला नाही. पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजने, असे ते देतात, आणि या दोन संख्यांचा भागाकार केला तर ३.१४१६ हेच गुणोत्तर हाती येते. कोणत्या कामाला कोणता नियम लावावा याचे तारतम्य ग्रंथकाराने केवळ शब्दांत न ठेवता स्वतःच्या गणितात पाळलेले आहे.

परीघ आणि व्यास यांचे हे गुणोत्तर, ज्याला आज ग्रीक अक्षरावरून पाय म्हणतात, भास्कराचार्यांच्या आधीच पुष्कळ अंशी निश्चित झालेले होते. आर्किमिडीजने ९६ बाजूंचे बहुभुज वर्तुळाच्या आतून व बाहेरून बसवून ते २२३/७१ आणि २२/७ यांच्या दरम्यान असल्याचे सिद्ध केले. आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ असल्याचे सांगताना तो आसन्न, म्हणजे अगदी जवळचा, असल्याचे नमूद केले. भास्कराचार्यांचे ३९२७/१२५० हे याच अपूर्णांकाला १६ ने संक्षेप दिलेले रूप आहे. पुढे केरळातील माधवांनी अनंत श्रेढीच्या साहाय्याने हे गुणोत्तर दहाएक दशांश स्थळांपर्यंत नेले. तेथून आजच्या संगणकांपर्यंतचा इतिहास मनोरंजक असला, तरी प्रस्तुत विषयाला त्याची गरज नाही.

गरज का नाही, हे एका साध्या हिशेबावरून कळते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १९२ किलोमीटरांचा आहे. हे अंतर चाकाचे फेरे मोजून काढायचे ठरवले आणि चाकाचा व्यास अगदी बिनचूक ठाऊक असला, तर २२/७ वापरल्याने सबंध प्रवासात सुमारे ७७ मीटरांची चूक होईल, आणि ३९२७/१२५० वापरले तर ती चूक अर्ध्या मीटरच्याही आत राहील. उलट गुणोत्तर कितीही अचूक घेतले, पण ९१५ मिलिमीटर व्यासाचे चाक मोजताना केवळ एका मिलिमीटरची गफलत झाली, तर त्याच प्रवासात २०० मीटरांहून अधिक फरक पडतो. परिघाच्या सूत्रात दोनच घटक आहेत. त्यांपैकी एकाचा प्रश्न बाराव्या शतकापर्यंत व्यवहारापुरता सुटलेला होता, आणि दुसऱ्याचा, म्हणजे फिरत्या चाकाचा व्यास नेमका कोणता धरावा याचा, अजूनही प्रत्येक वर्कशॉपमध्ये नव्याने सोडवावा लागतो. शाळेतल्या उदाहरणात व्यास दिलेला असतो, म्हणून विद्यार्थ्याचे सारे लक्ष गुणोत्तराकडे जाते. अध्यापनातली ही एक उणीवच म्हटली पाहिजे.

चाकावरून अंतर मोजण्याची कल्पना जुनी आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या खंडात एका गाडीचे वर्णन केले आहे. तिचे चाक एका फेऱ्यात साडेबारा फूट जाते. ४०० फेऱ्यांनंतर ५००० फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होतो, आणि दातेरी चक्रांच्या योजनेने एक खडा खालच्या काशाच्या भांड्यात पडतो. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजले की मैल कळतात. चाकाच्या व्यासाविषयी मात्र ग्रंथाच्या पाठांत एकवाक्यता नाही. एका पाठाप्रमाणे तो ४ फूट आहे, आणि तो खरा मानला तर परीघ १२.५७ फूट होऊन खडा दर मैलाला सुमारे साडेसव्वीस फूट उशिरा पडेल. दुसऱ्या पाठाप्रमाणे तो ४ पूर्णांक १/६ फूट आहे, आणि तसे असेल तर परीघ व्यासाच्या बरोबर तिप्पट धरला गेला, असे म्हणावे लागते, ज्यामुळे मैलामागे २३६ फुटांची तफावत पडते. ज्या कारागिराने अशी गाडी बनवली असेल, त्याने चाक जमिनीवरून फिरवून साडेबारा फुटांची खूण जुळवली असती आणि व्यासाकडे ढुंकूनही पाहिले नसते, असे मानायला जागा आहे.

एका फेऱ्यात चाक आपल्या परिघाइतके पुढे जाते, हे विधान वरकरणी स्वयंसिद्ध वाटते, पण त्यात एक अट दडलेली आहे. चाकाचा जो बिंदू ज्या क्षणी जमिनीला टेकलेला असतो, त्या क्षणी तो जमिनीच्या दृष्टीने स्थिर असला पाहिजे. म्हणजे चाक न घसरता फिरले पाहिजे. ही अट पाळली गेली तर परिघाचा प्रत्येक तुकडा जमिनीच्या तेवढ्याच तुकड्यावर क्रमाने अंथरला जातो आणि चाकाचा केंद्रबिंदू परिघाइतका पुढे सरकतो. चाकाच्या कडेवरचा एखादा बिंदू मात्र सरळ जात नाही. तो जमिनीवरून उचलला जाऊन कमानीसारख्या वक्रावरून पुन्हा जमिनीवर येतो. या वक्राला सायक्लॉइड म्हणतात, आणि त्याच्या एका कमानीची लांबी व्यासाच्या बरोबर चौपट असते, हे ख्रिस्तोफर रेन याने १६५८ मध्ये दाखवले. त्या लांबीत पायचा मागमूसही नाही, ही गणितातली एक सुखद नवलाई आहे: ९१५ मिलिमीटरच्या चाकाचे केंद्र एका फेऱ्यात २८७५ मिलिमीटर जाते, तर कडेवरचा बिंदू ३६६० मिलिमीटर चालून येतो. रेल्वेच्या चाकाला रुळाच्या आतल्या बाजूने जी उंच कड असते, तिचा खालचा भाग रुळाच्या माथ्याखाली असल्यामुळे काही क्षण चक्क मागे जात असतो, मग गाडी कितीही वेगाने पुढे धावत असो.

व्यास कोणता, हा प्रश्न बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना सर्वांत उघडपणे समोर येतो. सुताराने घडवलेल्या लाकडी चाकाच्या कडेवर लोहार लोखंडाच्या पट्टीचे कडे बसवतो; हे कडे गोवऱ्यांच्या आगीत लाल तापवून चाकावर ठेवतात, ठोकून बसवतात आणि लगेच पाणी ओततात, म्हणजे ते आक्रसून आऱ्यांसह सारे चाक आवळून धरते. लाकडी चाकाचा व्यास १२०० मिलिमीटर आणि पट्टीची जाडी १२ मिलिमीटर असल्याचे समजू. चाकाचा परीघ ३७७० मिलिमीटर भरतो. पण तेवढीच पट्टी कापून वळवली, तर तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि लांबी कायम राहते ती फक्त जाडीच्या मध्यावरच्या रेषेची. त्या मध्यरेषेचा व्यास आतल्या व्यासापेक्षा जाडीइतका अधिक असतो, म्हणून कडे चाकाबरोबर बसण्यासाठी पट्टीची लांबी १२१२ मिलिमीटर व्यासावरून काढावी लागते, आणि ती सुमारे ३८ मिलिमीटरने वाढते. ही वाढ विसरली तर कड्याचा आतला व्यास ११८८ मिलिमीटर होतो. लोखंड दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या दहा लक्षांश भागांपैकी सुमारे १२ भाग वाढते. ६०० अंशांनी तापवले तरी या कड्याचा व्यास साडेआठ मिलिमीटरनेच वाढेल आणि ते चाकावर चढणारच नाही. दुसऱ्या बाजूने, कडे थंडपणीही सहज बसेल इतके मोठे केले तर आवळण्याचे कार्यच साधत नाही. म्हणून आतला व्यास चाकापेक्षा किंचित कमी, समजा ४ मिलिमीटरने कमी, ठेवायचा, आणि त्यासाठी मध्यरेषा १२०८ मिलिमीटर धरून ३७९५ मिलिमीटरची पट्टी घ्यायची. चाक १२००, कडे ११९६, मध्यरेषा १२०८ आणि धाव चढल्यावर जमिनीला टेकणारा व्यास १२२४, असे चार व्यास एकाच चाकाच्या पोटात आहेत. गाडी किती चालली हे ज्याला काढायचे आहे, त्याच्या कामाचा त्यांतला फक्त शेवटचा.

रेल्वेच्या चाकात हाच प्रश्न अधिक नाजूक होतो. भारतीय रेल्वेच्या एलएचबी डब्याचे नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे असते. ते रुळावर झिजते, त्याचा आकार बिघडतो, मग लेथवर कातून पुन्हा आकारात आणले जाते, आणि प्रत्येक कातणीला व्यास घटत जाऊन ८४५ मिलिमीटरला चाक बाद ठरते. नवे चाक मुंबई-पुणे अंतरात सुमारे ६६,८०० फेरे घेते, बाद होण्याच्या बेतातले चाक सुमारे ७२,३००. इंजिनाचे चाक नवे असताना १०९२ मिलिमीटरचे असते आणि १०१६ मिलिमीटरला बाद होते. इंजिनातला वेगदर्शक चाकाच्या फेऱ्यांवरूनच वेग काढतो, म्हणून त्याला चाकाचा चालू व्यास कळवावा लागतो. कातणीनंतर हा आकडा बदलायचा राहिला आणि यंत्र अजून १०९२ धरून बसले, तर चाक १०१६ वर आलेले असताना खरा वेग ताशी १०० किलोमीटर असला, तरी चालकाला १०७ पेक्षा जास्त दिसेल. ही चूक सुरक्षिततेच्या बाजूची आहे, असे म्हणून समाधान मानता येईल; पण जुना लहान आकडा तसाच राहून चाके नवी बसवली गेली, तर चूक नेमकी उलट दिशेने होते. शिवाय बोरघाटासारख्या ३७ ला १ चढावर इंजिनाचे चाक थोडे घसरत घसरतच ओढते, त्यामुळे तेथे व्यास बिनचूक असूनही फेऱ्यांवरून काढलेले अंतर खऱ्या अंतरापेक्षा जास्तच येते.

याहून विलक्षण गोष्ट ही, की रेल्वेच्या चाकाला एकच एक व्यास नसतो. चाकाचा रुळावर टेकणारा पृष्ठभाग सपाट नसून थोडा शंकूसारखा, साधारण २० ला १ उताराचा असतो, म्हणजे कडेजवळ व्यास मोठा आणि बाहेरच्या बाजूला लहान. याचे कारण वळणात आहे. एका आसावरची दोन्ही चाके घट्ट जोडलेली असल्यामुळे त्यांचे फेरे सारखेच होतात. वळणावर मात्र बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. ब्रॉडगेजमध्ये रुळांच्या माथ्यांमधले मध्य-ते-मध्य अंतर सुमारे १.७५ मीटर धरले, तर पूर्ण वर्तुळाच्या वळणात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा ११ मीटर लांब असतो, आणि वळण लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो, कारण त्रिज्येतला फरक कायम असला की परिघातला फरकही कायम असतो. ही तूट भरून कोण काढते? वळणावर जोडचाक आपोआप थोडे बाहेर सरकते, बाहेरचे चाक आपल्या मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर टेकते. ९१५ मिलिमीटरचे जोडचाक १ सेंटिमीटर सरकले, तर बाहेरचा व्यास १ मिलिमीटरने वाढतो, आतला तेवढाच घटतो, आणि एवढ्या फरकावर ते सुमारे ८०० मीटर त्रिज्येचे वळण न घसरता घेऊ शकते. याहून तीव्र वळणांवर हा उपाय पुरत नाही; तेथे चाके घासतात, कुरकुरतात आणि झिजतात.

हवेच्या टायरपाशी आल्यावर व्यास ही कल्पनाच डळमळू लागते. मोटारीच्या टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते, तेव्हा रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि आतल्या रिमचा व्यास १५ इंच, असा त्याचा अर्थ होतो. यावरून बाहेरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर आणि परीघ १९५३ मिलिमीटर निघतो. गाडीच्या भाराने टायर खाली चेपतो आणि आस जमिनीच्या जवळ येतो. तो समजा २ सेंटिमीटर खाली आला, तर आसाची उंची हीच त्रिज्या धरून परीघ १८२७ मिलिमीटर येईल. प्रत्यक्षात गाडी एका फेऱ्यात या दोन्ही आकड्यांच्या मधले अंतर जाते, कारण रेडियल टायरच्या माथ्याखाली पोलादी तारांचा जो पट्टा असतो, तो चेपला तरी सहजासहजी आखूड होत नाही आणि प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ सगळाच्या सगळा रस्त्यावर अंथरला जातो. युरोपीय प्रमाणकांत यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे: रेडियल टायरच्या बाबतीत एका फेऱ्यातले अंतर काढताना बाहेरच्या व्यासाला ३.१४१६ ऐवजी सरळ ३.०५ ने गुणतात. वरच्या टायरसाठी हे अंतर १८९६ मिलिमीटर येते. कोट्यवधी दशांश स्थळांपर्यंत काढलेला पाय बाजूला ठेवून अभियंते येथे २२/७ च्या चुकीच्या सत्तरपटीहून मोठा फेरफार जाणूनबुजून करतात, आणि उत्तर बरोबर येते.

त्यात झीज मिळवली पाहिजे. नव्या टायरवरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते आणि ती १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बदलावा लागतो. तोवर व्यास जवळजवळ १३ मिलिमीटरने, म्हणजे दोन टक्क्यांनी घटलेला असतो. रिक्षा किंवा टॅक्सीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो, आणि एका किलोमीटरला किती फेरे हे त्याला एकदा ठरवून दिलेले असते. टायर गुळगुळीत झाला किंवा हवा कमी असली, की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात, मीटर पुढे पळतो आणि भाडे वाढते, जरी मीटरला लावलेले सील शाबूत असले आणि चालकाच्या मनात काही नसले तरी. नवे टायर घातले की हाच फरक प्रवाशाच्या पथ्यावर पडतो. या वादात दोन्ही पक्ष मीटरच्या यंत्राला बोल लावतात. टायरकडे क्वचितच कोणी पाहते.

या साऱ्या अडचणींवर सर्वांत सरळ तोड काढली ती रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचे मार्ग मोजणाऱ्यांनी. मॅरेथॉनचा मार्ग ४२,१९५ मीटरांचा असावा लागतो, आणि तो मोजण्याची आंतरराष्ट्रीय मान्यतेची पद्धत सायकलची आहे. सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसाला जोन्स काउंटर नावाचे छोटे यंत्र लावतात, जे चाकाच्या फेऱ्याचेही बारीक भाग करून मोजते. चाकाचा व्यास कोणी मोजत नाही आणि पायचा प्रवेश कोठेच होत नाही. त्याऐवजी निदान ३०० मीटरांचा एक सरळ पट्टा पोलादी टेपने, तपमानाची दुरुस्ती करून, मोजून घेतात. मोजणारा त्या पट्ट्यावरून चार वेळा सायकल चालवतो आणि किलोमीटरला यंत्राचे किती आकडे पडतात ते काढतो. मग लगेच शर्यतीचा मार्ग, धावणारा ज्या जवळच्या वाटेने जाऊ शकेल नेमक्या त्याच वाटेने, वळणावर कडेच्या दगडापासून ३० सेंटिमीटर अंतर राखून मोजला जातो, आणि परतल्यावर पट्ट्यावर पुन्हा चार फेऱ्या होतात. सकाळच्या गारव्यात सुरू झालेली मोजणी ऊन तापल्यावर संपली, तर टायरमधली हवा प्रसरण पावून चाक किंचित मोठे झालेले असते, आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांतून ते दिसून येते. पट्ट्यावर ज्याने सायकल चालवली, मार्गावरही त्यानेच ती चालवावी लागते, कारण स्वार बदलला की भार बदलतो आणि भाराबरोबर टायरचे चेपणेही. एवढे करूनही पद्धत स्वतःवर पूर्ण भरवसा ठेवत नाही: प्रत्येक किलोमीटरच्या आकड्यांना १.००१ ने गुणतात, त्यामुळे मॅरेथॉनचा मार्ग सुमारे ४२ मीटरांनी लांबच आखला जातो. विश्वविक्रम झाला की मार्गाची फेरमोजणी होऊ शकते, आणि तीत तो ४२,१९५ मीटरांपेक्षा तोकडा निघाला, तर विक्रम नोंदला जात नाही.